फाइल ‘वर’ गेली आहे!

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला गुजराती कितीही मोडकीतोडकी येत असो, तीन वाक्ये त्याला पक्की पाठ असतात. ‘थई जशे’, ‘जोई लईशुं’ आणि ‘फाइल उपर गई छे’. पहिली दोन तशी निरुपद्रवी. त्यांत आश्वासन नसते, पण निदान गोडवा तरी असतो. तिसरे वाक्य मात्र कानावर पडले की समजावे, आता या विषयावर पडदा पडला.

ही फाइल ‘वर’ जाते म्हणजे नेमकी कुठे जाते, हे आम्हांला अजून कोणी सांगितलेले नाही. वॉर्ड ऑफिसात विचारावे तर ती मुख्य कचेरीत गेलेली असते. मुख्य कचेरीत विचारावे तर गांधीनगरला. गांधीनगरचे म्हणणे, दिल्लीहून मंजुरी यायची आहे. दिल्लीच्या वर आमच्या माहितीप्रमाणे परमेश्वरच आहे आणि त्याच्या कचेरीत माहिती अधिकारी नेमलेला नाही.

शहरातले रोजचे त्रास आम्ही नव्याने सांगायला नकोत. रस्ता झाला की महिन्याभरात तो कोणीतरी खोदतो. आधी पाण्याची लाइन, मग गॅस, मग केबल, मग पुन्हा पाणी, कारण केबलवाल्याने ती लाइन फोडलेली असते. बुजवलेली माती पहिल्या पावसात खाली बसते आणि भर रस्त्यात ‘भुवो’ पडतो. त्यात एखादी रिक्षा अडकली की चारी बाजूंनी बांबू उभे राहतात आणि बांबूंना लाल फडके बांधले की काम झाले. चौकात गाई बसलेल्या. फुटपाथवर दुचाक्या, आणि म्हातारी माणसे रस्त्यावरून चालतात. सकाळी नळाला धार येते ती अशी की बादली भरेपर्यंत चहा गार व्हावा. गणपतीत आणि लग्नसराईत डीजेच्या दणक्याने खिडक्यांची तावदाने थरथरतात. तक्रार नोंदवली तर मोबाइलवर संदेश येतो की आपल्या तक्रारीचे ‘निराकरण’ झाले आहे. खड्डा मात्र जागेवर असतो. त्याला तो संदेश मिळालेला नसावा.

या सगळ्यावर चिडावे तेवढे थोडेच. पण आमची खरी तक्रार वेगळी आहे. खड्डे सगळ्या शहरांत पडतात, पाऊस सगळीकडे पडतो. राग येतो तो खड्ड्यापेक्षा त्याच्याबद्दल काहीच कळू दिले जात नाही याचा. हा रस्ता कोणी केला? किती रुपयांत केला? किती वर्षे टिकेल अशी हमी कंत्राटदाराने दिली होती? त्या मुदतीत खराब झाला तर तो कोणाच्या खर्चाने दुरुस्त व्हायचा? खोदायची परवानगी कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणत्या अटीवर दिली? यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका कागदावर लिहिलेले असते. तो कागद कपाटात असतो आणि कपाटाला कुलूप असते. खड्डा उघडा आणि कागद झाकलेला, अशी आपल्या कारभाराची रीत आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीला सरकारी गुप्तता हे जड नाव कशाला? गुप्तता असते ती सैन्याची, अणुबॉम्बची, परराष्ट्र खात्याची. आम्ही तसे मानत नाही. गटाराचा नकाशा न दाखवणारा कारकून आणि पुलाचा तपासणी अहवाल न दाखवणारा सचिव एकाच शाळेत शिकलेले असतात. १९२३ साली इंग्रजांनी शासकीय गुपितांचा कायदा केला. राज्य परक्यांचे होते, तेव्हा प्रजेला काही कळू न देणे त्यांच्या सोयीचे होते. इंग्रज गेले, कायदा राहिला. त्याहून वाईट म्हणजे त्यामागची वृत्ती राहिली. सरकारजवळचा कागद सरकारच्या मालकीचा आहे आणि तो पाहायला मागणारा माणूस चोरबीर असावा, अशी ही वृत्ती आहे.

वृत्ती एकच असली की छोट्या त्रासाचे मोठे संकट व्हायला वेळ लागत नाही. आपल्याच शहराचे पाहा.

२०२४ च्या मे महिन्यात बडोद्यात विजेच्या स्मार्ट मीटरवरून लोक रस्त्यावर उतरले. आधी पैसे भरा, मग वीज वापरा, अशी ती योजना. मीटर चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवू. घरात नवे यंत्र बसवण्याआधी त्याचा दर, त्याचा हिशेब आणि न बसवण्याचा हक्क आहे की नाही, हे लोकांना नीट सांगायला काय हरकत होती? कोणी सांगितले नाही. बाया-बापड्या मोर्चा घेऊन कचेरीवर गेल्या, तेव्हा काम थांबवावे लागले आणि जुना मीटर शेजारी लावून ताळा दाखवण्याची भाषा सुरू झाली. हाच ताळा आधी दाखवला असता तर मोर्चाची वेळ आली नसती.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री शहरात शिरली. धोक्याची पातळी २६ फुटांची, पाणी चढले ३५ फुटांच्या वर. तळमजले बुडाले, मोटारी तरंगल्या, सैन्य बोलवावे लागले आणि पाण्याबरोबर मगरीही सोसायट्यांत आल्या. त्या दिवसांत घराघरात एकच प्रश्न होता. आजव्यातून किती पाणी सोडले, आणि केव्हा? आजव्याचे ६२ दरवाजे आणि पातळीचा २११, २१२, २१३ असा चढता आकडा बडोद्याच्या पोरासोरांनाही माहीत असतो. पण तो आकडा वाढला म्हणजे आपल्या गल्लीत किती तासांनी किती पाणी येईल, हे साध्या भाषेत सांगणारा कागद कोणाच्या दारावर लागला? गादी, फ्रीज आणि औषधे वर न्यायला माणसाला चार तास पुरतात. ते चार तास ज्यांना मिळाले नाहीत, त्यांचा राग पावसावर नव्हता. म्हणूनच पाणी ओसरल्यावर पाहणीला आलेल्या पुढाऱ्यांना लोकांनी तोंडावर सुनावले.

आणि त्याआधीचे हरणी कोण विसरेल? १८ जानेवारी २०२४. शाळेच्या सहलीला आलेली मुले तलावात बोटीत बसली, बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत माणसे जास्त होती, सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. तलावाचे कंत्राट महापालिकेने २०१७ साली खासगी कंपनीला दिलेले होते. त्या कंपनीचे भागीदार कोण, बोटी चालवण्याचा अनुभव त्यांना कितपत, बोटींची तपासणी कोणी आणि किती महिन्यांनी करायची, हे शहराने वर्तमानपत्रात वाचायला सुरुवात केली ती मुलांचे अंत्यसंस्कार झाल्यावर. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा कंत्राट कसे दिले गेले याची चौकशी निघाली. करार मात्र सात वर्षे जुना होता. सात वर्षांत तो तलावाच्या फाटकावर लावला असता, निदान बोटीत किती माणसे बसवायची तेवढा आकडा जरी मोठ्या अक्षरांत लिहिला असता, तरी एखाद्या बाईंनी तो वाचला असता आणि म्हटले असते, ‘पुरे, आता पुढच्या बोटीने जाऊ.’

९ जुलै २०२५ रोजी पाद्रा तालुक्यात महीसागरवरचा गंभीरा पूल कोसळला. वाहने नदीत पडली, वीसहून अधिक माणसे गेली. पूल चाळीस वर्षांचा होता. तो धोक्याचा आहे असे जिल्हा पंचायतीच्या एका सदस्याने २०२२ मध्येच लेखी कळवले होते. तो कागदही ‘वर’ गेला असणार. त्यावर कोणी काय शेरा मारला, तपासणी झाली असेल तर तीत काय दिसले, हे रोज त्या पुलावरून दूध, भाजी आणि पोरे घेऊन जाणाऱ्यांना कोणी सांगितले नाही. पूल पडल्यावर अभियंते निलंबित झाले. निलंबनाची बातमी पहिल्या पानावर येते, तपासणीचा अहवाल कुठल्याच पानावर येत नाही.

हे सारे एका पक्षाचे पाप आहे असे म्हणून आम्ही सुटका करून घेणार नाही. राज्यात १९९८ पासून एकाच पक्षाची सत्ता आहे, तेव्हा इथला जाब पहिल्यांदा त्याच पक्षाला विचारायचा, हे उघड आहे. पण झाकपाकीच्या बाबतीत सगळे पक्ष मावसभाऊ आहेत. २०१३ च्या जूनमध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कायद्याखाली आणले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे पक्ष त्या दिवशी एका सुरात म्हणाले, आम्ही माहिती देणार नाही. पुढे निवडणूक रोखे आले. कोणी कोणाला किती पैसे दिले हे मतदाराला कळू नये अशी ती सोय. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि याद्या बाहेर आल्या. त्या याद्यांत सत्ताधारी होते तसेच विरोधकही होते.

आमच्या जुन्या बडोदेकर घरांना या विषयाचे एक वेगळे दुःख आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांचे पूर्वज गायकवाडी राज्याच्या दप्तरात होते. कोणी कारकून, कोणी वहिवाटदार, कोणी खजिन्यावर. ते लोकशाही राज्य नव्हते, आणि होते असे आम्ही म्हणत नाही. महाराजांच्या मर्जीपुढे प्रजेचे मत चालत नसे. तरीही १८७५ नंतर दिवाण सर टी. माधवराव आले, तंजावरकडचे मराठी गृहस्थ, आणि त्यांच्या काळापासून राज्याचा वार्षिक कारभार अहवाल छापला जाऊ लागला. सयाजीराव महाराजांनी ती शिस्त पुढे नेली. किती शाळा, किती मुले, किती विहिरी, किती मैल रस्ता, किती सारा, सगळे आकड्यांत. १९०६ साली सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू झाले. १९१० मध्ये ग्रंथालयांचे खाते उभे राहिले आणि गावोगाव फिरत्या पेट्या जाऊ लागल्या. राजा ज्या प्रजेला वाचायला शिकवतो, तिच्यापुढे हिशेब ठेवायची त्याला भीती नसावी. आज त्याच महाराजांच्या काळातल्या खंडेराव मार्केटच्या देखण्या इमारतीत आपली महापालिका बसते, नाव ‘सेवासदन’ लावते, आणि प्रजेने साधा नकाशा मागितला तर कपाळाला आठी घालते.

आता कायद्याकडे येऊ, कारण नुसते चिडून रक्तदाब वाढतो, रस्ता होत नाही.

माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू झाला. महाराष्ट्रात तर २००२ सालीच आला होता. या कायद्याचे चौथे कलम सांगते की कोणी मागण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपल्या कारभाराची माहिती आपणहून जाहीर केली पाहिजे. आपल्या राज्यात अर्जाची फी २० रुपये. उत्तर ३० दिवसांत. प्रश्न जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. माहिती कशाला हवी, हे विचारायचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही. विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, अधिकाऱ्याच्या खिशातून. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की या कायद्याखाली चालू कामाची जागेवर जाऊन पाहणी करता येते आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. म्हणजे डांबरात डांबर किती आणि खडी किती, हे तपासायला नागरिक मागू शकतो.

असा हा कायदा सुखासुखी कोण राहू देणार? २०१९ मध्ये माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवण्याचे काम केंद्र सरकारने आपल्या हाती घेतले. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातात पहारेकऱ्याचा पगार. २०२२ मध्ये आपल्या राज्याच्या आयोगाने काही अर्जदारांना यापुढे माहिती मागायचीच नाही अशी मनाई केल्याचे वर्तमानपत्रांत आले. आणि १४ नोव्हेंबर २०२५ पासून व्यक्तिगत माहितीच्या नव्या कायद्याचा आधार घेऊन आठव्या कलमातला ‘जे’ हा खंड बदलला. पूर्वी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावे लागे. मोठे लोकहित असेल तर ती द्यावीही लागे. आता त्या खंडात एवढेच उरले की माहिती व्यक्तिगत आहे, म्हणून देता येत नाही. उद्या कंत्राटदाराचे नाव व्यक्तिगत, बिलावर सही करणाऱ्याचे नाव व्यक्तिगत, शिक्षा झालेल्या अभियंत्याची शिक्षाही व्यक्तिगत. खड्डा तेवढा सार्वजनिक राहील.

मात्र वाट अगदीच बंद झालेली नाही. त्याच आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम अजून जागेवर आहे. लोकहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते म्हणते. तेव्हा यापुढे अर्जात हे लोकहित दोन ओळींत लिहून टाकावे. ‘या रस्त्यावर शाळा आहे,’ ‘या पुलावरून रोज बस जाते,’ एवढे पुरे.

आपल्या मंडळींपैकी काहींचे म्हणणे आम्हांला माहीत आहे. आपण पडलो मराठी, राज्य गुजरात, कशाला उगीच कागद मागून डोळ्यांवर यायचे? याला आमचे उत्तर सरळ आहे. आपली घरे या शहरात अठराव्या शतकापासून आहेत. घरपट्टी, पाणीपट्टी आपण भरतो. विश्वामित्रीने शिरताना कोणाची मातृभाषा विचारली नाही. आणि गणेशोत्सवात मांडवात येऊन दोन वाक्ये मराठीत बोलून टाळ्या घेणाऱ्या उमेदवाराला आपली मते चालतात, तर आपले प्रश्नही चालले पाहिजेत. एका वॉर्डात चार नगरसेवक आहेत. चौघांपैकी एकाला तरी उत्तर येत असेलच.

भीतीचे कारण मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. २० जुलै २०१० रोजी गीरच्या बेकायदा खाणींची माहिती मागणारे अमित जेठवा यांची अहमदाबादेत उच्च न्यायालयासमोर गोळ्या घालून हत्या झाली. एकटा माणूस कागद मागतो तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे असते. एकाच सोसायटीतल्या वीस जणांनी वीस अर्ज दिले तर कोणाकोणाकडे बोट दाखवणार?

म्हणून आमची सूचना आहे ती अशी. पावसाळ्याआधी प्रत्येक पोळेने, प्रत्येक सोसायटीने आपल्यापुरता एकच विषय निवडावा. दारासमोरचा रस्ता, पावसाच्या पाण्याचे गटार, मुलांच्या वाटेवरचा पूल, जवळच्या बागेतली झोक्याची साखळी, काहीही. त्यावर चारच गोष्टी मागाव्यात. कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, कंत्राटदाराच्या हमीची मुदत आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नये, कारण ‘का’ला उत्तर देणे कायद्याने बंधनकारक नाही. कागद मागावा. अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर नको, नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करावा, कारण हा हक्क नागरिकाचा आहे. आणि अर्ज मराठीत चालणार नाही. इंग्रजी, हिंदी किंवा राज्याची भाषा, म्हणजे गुजराती, एवढ्याच चालतात. आपल्या घरातल्या आजोबांचे गुजराती अक्षर अजून वळणदार आहे. नातवाला इंग्रजी येते. दोघांनी मिळून अर्धा तास बसावे. उत्तर आले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील, तेही फसले तर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरे. निवृत्त मंडळींना वेळ आहे, फाइल कशी चालते याचा अनुभव आहे, आणि टिपण कसे वाचावे हे तर कोणाकडून शिकायलाच नको.

आलेली उत्तरे, आणि न आलेलीही, आमच्याकडे पाठवा. वॉर्डवार छापू. नाव नको असेल तर नाव गाळू, विषय गाळणार नाही. निवडणुकीत मते मागायला जो येईल त्याच्या हातात हा अंक द्या आणि आपल्या वॉर्डाची ओळ त्याला मोठ्याने वाचायला सांगा.

‘फाइल वर गेली आहे’ असे पुढच्या वेळी ऐकू आले, तर खुर्ची ओढून बसा आणि शांतपणे विचारा, कोणत्या तारखेला गेली, जावक क्रमांक काय? फाइल खरोखर गेली असेल तर हे दोन्ही नोंदवहीत असतात. ते लिहून घ्या आणि तिथूनच अर्जाला सुरुवात करा.